रेडिओवर विमानाचा प्रकार केव्हा आणि कसा सांगावा: नव्या वैमानिकांसाठी

वैमानिक होण्यासाठी मुंबईतून बारामती किंवा धुळ्याच्या वाटेला लागणाऱ्या मुलामुलींना रेडिओवरचे बोलणे शिकवताना मला दर तुकडीत एकच गोंधळ दिसत आला आहे. विमानाची कॉल साइन आणि विमानाचा प्रकार या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्यामुळे कोणी पहिल्याच हाकेत कंपनीच्या नावापासून इंजिनापर्यंत सगळे सांगून टाकतो, तर कोणी प्रकाराचा उल्लेखच करत नाही आणि कंट्रोलरने विचारल्यावर उत्तरासाठी चाचपडतो. कॉल साइन हे हाक मारण्याचे नाव आहे, तर प्रकार म्हणजे ते विमान हवेत आणि धावपट्टीवर कसे वागेल याची माहिती आहे. ज्या क्षणी ऐकणाऱ्याकडे ही माहिती नाही किंवा त्याला तिचा उपयोग होणार आहे, त्या क्षणी ती नेमक्या शब्दांत एकदाच सांगावी, एवढे ज्याला जमले त्याला या विषयातील बहुतेक सारे जमले असे मी मानतो.

ही माहिती कंट्रोलरला कशासाठी हवी असते, ते आधी समजून घ्यावे. सेसना १७२ धावपट्टीकडे उतरताना साधारण ६५ नॉट, म्हणजे ताशी ६५ सागरी मैल, वेगाने येते, तर बोइंग ७३७ साधारण १४० नॉटने येते. ही दोन विमाने एकामागून एक उतरवायची असतील, तर त्यांच्यामध्ये किती अंतर ठेवायचे हे प्रकार कळल्याशिवाय ठरवता येत नाही. मुंबईत तर हा हिशेब फार काटेकोर असतो, कारण सांताक्रूझच्या विमानतळावरील ०९/२७ आणि १४/३२ या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि त्यामुळे एका वेळी एकीवरूनच वाहतूक चालते. एका विमानासाठी चुकून जास्त सोडलेल्या जागेचा परिणाम मागच्या सगळ्या रांगेवर होतो, आणि कमी सोडलेली जागा त्याहून वाईट, कारण तेव्हा मागच्या विमानाला उतरणे सोडून पुन्हा वर जावे लागते.

पहिली पायरी: आपल्या विमानाचा संकेत पाठ करावा

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, हिने विमानांच्या बहुतेक प्रकारांना प्रत्येकी दोन ते चार अक्षर-अंकांचा एक संकेत दिला आहे आणि हे सर्व संकेत तिच्या ८६४३ क्रमांकाच्या दस्तऐवजात आहेत. सेसना १७२ चा संकेत सी१७२, डायमंडच्या चार आसनी विमानाचा डीए४०, पायपर आर्चरचा पी२८ए, एटीआर ७२-६०० चा एटी७६, एअरबस ए३२० निओचा ए२०एन, तर बोइंग ७७७-३००ईआरचा बी७७डब्ल्यू. येथे एक खाच लक्षात ठेवावी. बी७३७ हा संकेत सगळ्या ७३७ विमानांचा नसून फक्त ७३७-७०० या उपप्रकाराचा आहे. ७३७-८०० चा संकेत बी७३८ आहे आणि मॅक्स ८ चा बी३८एम. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकांत दिसणारे तीन अक्षरी संकेत वेगळ्या संघटनेचे असतात आणि ते फ्लाइट प्लॅनमध्ये, म्हणजे उड्डाणापूर्वी भरून द्यायच्या अर्जात, चालत नाहीत.

फ्लाइट प्लॅनच्या नवव्या रकान्यात हा संकेत, त्यापुढे तिरपी रेघ आणि मग वेक टर्ब्युलन्सचा, म्हणजे विमानामागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांचा, वर्ग असे लिहावे लागते; या वर्गांचा अर्थ चौथ्या पायरीत येईल. सी१७२ पुढे एल, बी७३८ पुढे एम, बी७७डब्ल्यू पुढे एच आणि ए३८०-८०० साठी ए३८८ पुढे जे. विमानाला संकेतच नसेल, तर त्या रकान्यात झेड हे अक्षर चार वेळा लिहून अठराव्या रकान्यात प्रकार स्पष्ट करायचा असतो. तुम्ही येथे जे लिहिता तेच पुढे कंट्रोलरच्या फ्लाइट स्ट्रिपवर, म्हणजे उड्डाणाच्या नोंदपट्टीवर, आणि रडारच्या पडद्यावरील लेबलात उमटते. म्हणूनच ठरल्या वेळी उडणारे प्रवासी विमान भारतीय आकाशात प्रत्येक हाकेत आपला प्रकार घोकत बसत नाही. तो कंट्रोलरच्या डोळ्यांसमोर आधीच असतो. संकेत लिहिण्यासाठी आहे, बोलण्यासाठी नाही, हेही येथेच मनात पक्के करावे. रेडिओवर ‘ब्राव्हो सेव्हन थ्री एट’ असे म्हणायचे नसते, ‘बोइंग सेव्हन थर्टी सेव्हन’ असे म्हणायचे असते.

दुसरी पायरी: कॉल साइनमध्ये प्रकार कोठे बसतो ते समजून घ्यावे

या पायरीवर मी नेहमी जास्त वेळ थांबतो, कारण बहुतेक गोंधळाचे मूळ येथे असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कॉल साइन तीन तऱ्हांची असते. पहिल्या तऱ्हेत फक्त विमानाची नोंदणी असते. भारतीय विमानांच्या बाबतीत ती व्हीटी या अक्षरांनी सुरू होते. दुसऱ्या तऱ्हेत कंपनीचे रेडिओवरील नाव आणि नोंदणीची शेवटची चार अक्षरे असतात. तिसऱ्या तऱ्हेत कंपनीचे रेडिओवरील नाव आणि उड्डाणाचा क्रमांक असतो, आणि मुंबईच्या लहरींवर दिवसभर ऐकू येते ती मुख्यतः हीच तऱ्हा. कंपनीचे रेडिओवरील नाव तिच्या तिकिटावरील नावासारखेच असते असे नाही: इंडिगोची विमाने ‘आयफ्लाय’ म्हणून, तर ब्रिटिश एअरवेजची ‘स्पीडबर्ड’ म्हणून ओळखली जातात.

विमानाच्या निर्मात्याचे किंवा मॉडेलचे नाव कॉल साइनला जोडण्याची मुभा फक्त पहिल्या तऱ्हेत आहे. आपल्या विमानाची नोंदणी व्हीटी-एबीसी आहे असे धरले, तर ‘व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली’ ही पूर्ण कॉल साइन झाली आणि तिच्या आधी ‘सेसना’ हा शब्द लावता येतो. संपर्क नीट जुळल्यावर हीच कॉल साइन आखूड करता येते. तेव्हा पहिले अक्षर आणि शेवटची किमान दोन अक्षरे ठेवायची असतात, आणि पहिल्या अक्षराऐवजी निर्मात्याचे किंवा मॉडेलचे नाव घेतलेले चालते. म्हणजे ‘व्हिक्टर ब्राव्हो चार्ली’ किंवा ‘सेसना ब्राव्हो चार्ली’. मात्र आखूड करण्याची सुरुवात कंट्रोलरने करायची असते. त्याने तुम्हाला आखूड नावाने हाक मारली नसेल, तर तुम्ही पूर्ण नावच घेत राहावे. आखूड करताना त्याच लहरीवर मिळतेजुळते नाव असलेले दुसरे विमान नाही ना, हे त्याला पाहावे लागते, आणि ते सगळे चित्र त्याच्यापुढे असते, आपल्यापुढे नसते. तिसऱ्या तऱ्हेची कॉल साइन कधीही आखूड होत नाही. एकदा उड्डाण सुरू झाले की कॉल साइनची तऱ्हाही मध्येच बदलता येत नाही. सुरक्षेसाठी कंट्रोलरने तात्पुरती बदलायला सांगितली तरच ती बदलते.

आता याच पायरीवरची खरी अडचण. ‘सेसना’ हा शब्द कॉल साइनच्या आधी लावला म्हणजे प्रकार सांगून झाला, असे नवशिक्यांना वाटते. ते खरे नाही. दोन आसनी १५२ ही सेसना आहे, चार आसनी १७२ ही सेसना आहे, एका टर्बाइन इंजिनावर चालणारी कॅरॅव्हॅन ही सेसना आहे, आणि सायटेशन नावाची जेट विमानेही सेसनाचीच आहेत. एका उड्डाणात माझा विद्यार्थी ‘सेसना’ एवढेच म्हणून थांबला. कंट्रोलरने प्रकार विचारला, तेव्हा त्याने पुन्हा ‘सेसना’ असेच उत्तर दिले, आणि मला शेजारून बोलून आकडा सांगावा लागला. मुलगा हुशार होता; त्याला प्रश्न ऐकू आला नाही असे नव्हते, तर आपण उत्तर दिले आहे अशी त्याची मनोमन खात्री होती. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगतो की कॉल साइनच्या आधीचे नाव हे आडनावासारखे आहे. एका आडनावाची कितीतरी घरे एका वाडीत असतात.

कंपनीच्या नावावरूनही प्रकार कळत नाही. ‘आयफ्लाय’ या एकाच नावाने मुंबईत एटीआर ७२ येते, ए३२० आणि ए३२१ येतात, आणि हल्ली भाड्याने घेतलेली बोइंग ७८७ ही येते. ऐकणाऱ्या दुसऱ्या वैमानिकाला या नावावरून काहीही अंदाज बांधता येत नाही, हे पुढच्या पायऱ्यांसाठी ध्यानात ठेवावे.

तिसरी पायरी: पहिली हाक आधी मनात रचावी

बटण दाबण्यापूर्वी काही क्षण ऐकावे. विमानांचा आवाज एकाच लहरीवर चालतो आणि दोघे एकाच वेळी बोलले तर कोणाचेच कळत नाही, नुसती शिट्टीसारखी घरघर ऐकू येते. शांतता मिळाली की आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव आणि मग आपली पूर्ण कॉल साइन, एवढेच बोलावे. गर्दीच्या लहरीवर ही छोटी हाक फार मोलाची ठरते. कंट्रोलरने उत्तर देऊन बोलण्यास सांगितले की मग कॉल साइन, प्रकार, कोठून कोठे, आता कोठे, किती उंचीवर आणि काय हवे, या क्रमाने सांगावे. बारामतीहून जुहूकडे निघालेल्या एका काल्पनिक सेसनाचे बोलणे असे असेल:

‘मुंबई अप्रोच, व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली.’

‘व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली, मुंबई अप्रोच, गो अहेड.’

‘व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली, सेसना वन सेव्हन टू, व्हीएफआर, फ्रॉम बारामती टू जुहू, ओव्हर कर्जत, फोर थाउजंड फाइव्ह हंड्रेड फीट, रिक्वेस्ट जॉइनिंग इन्स्ट्रक्शन्स.’

यातील व्हीएफआर म्हणजे बाहेर डोळ्यांनी पाहत उडण्याचे नियम. प्रकार कॉल साइनच्या लगेच नंतर आला आहे, हे पाहावे. तो वाक्याच्या शेवटी टाकला, तर उंची, वेळ आणि दाब यांच्या आकड्यांत ‘वन सेव्हन टू’ हरवून जाते. प्रकारातील आकडे सुटे म्हणावेत की जोडून, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. इतर आकडे सुटे उच्चारण्याचा नियम असला, तरी विमानांच्या प्रकारांबाबत ‘सेव्हन थर्टी सेव्हन’, ‘थ्री ट्वेंटी’, ‘ट्रिपल सेव्हन’ अशी जोडून म्हणण्याची रीत सगळीकडे रुळली आहे. माझे मत असे की छोट्या विमानांसाठी ‘वन सेव्हन टू’ सुटे म्हणावे, कारण ते कोणालाही कळते. मोठ्या विमानांसाठी रुळलेली रीत पाळावी. ‘ड्रीमलायनर’ यांसारखी जाहिरातीतील नावे मात्र रेडिओवर आणू नयेत.

उच्चारांबद्दल मराठी मुलांना दोन शब्द सांगणे मला आवश्यक वाटते. आपण इंग्रजीतले व्ही आणि डब्ल्यू यांत फारसा फरक करत नाही, आणि प्रत्येक भारतीय नोंदणी तर ‘व्हिक्टर’नेच सुरू होते, म्हणून ‘व्हिक्टर’ आणि ‘विस्की’ हे दोन्ही शब्द आरशासमोर उभे राहून, ओठांची ठेवण पाहत म्हणावेत. तीनसाठी ‘ट्री’ आणि नऊसाठी ‘नाइनर’ हे उच्चार इकाओनेच ठरवलेले आहेत, त्यांची लाज वाटण्याचे कारण नाही. रेडिओ टेलिफोनीच्या आरटीआर परीक्षेतही असाच स्पष्ट उच्चार अपेक्षित असतो.

चौथी पायरी: ‘हेवी’ आणि ‘सुपर’ कोणी म्हणायचे

उडणाऱ्या विमानाच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे भोवरे तयार होतात आणि विमान जितके जड, तितके ते भोवरे जोरदार असतात. ३० मे १९७२ रोजी टेक्ससमध्ये एक डीसी-९ विमान सराव करताना डीसी-१० च्या मागोमाग उतरत होते. पुढच्या विमानाच्या भोवऱ्यात सापडून ते उलटले आणि त्यातील चौघे मृत्युमुखी पडले. वजनानुसार अंतर ठेवण्याचे आजचे नियम अशा घटनांतून घडत गेले आहेत. इकाओच्या वर्गीकरणात ७,००० किलोपर्यंतची विमाने ‘लाइट’, त्याहून जड पण १,३६,००० किलोहून हलकी विमाने ‘मीडियम’ आणि १,३६,००० किलो किंवा त्याहून जड विमाने ‘हेवी’ आहेत. एअरबस ए३८० साठी ‘सुपर’ असा स्वतंत्र वर्ग आहे. रडारच्या आधारे अंतर ठेवताना हेवीच्या मागे येणाऱ्या मीडियम विमानाला ५ सागरी मैल, तर लाइट विमानाला ६ सागरी मैल मागे ठेवतात.

हेवी विमानाच्या वैमानिकाने प्रत्येक नव्या कंट्रोलरशी पहिल्यांदा बोलताना कॉल साइनच्या लगेच पुढे ‘हेवी’ म्हणायचे असते: ‘मुंबई टॉवर, एअर इंडिया वन टू थ्री हेवी.’ मुंबईत २०१४ पासून ए३८० येऊ लागले आणि तेव्हापासून कॉल साइनला जोडलेला ‘सुपर’ हा शब्दही येथे ऐकू येतो. ग्राउंड, टॉवर, अप्रोच असे कंट्रोलर बदलले की प्रत्येकाशी पहिल्या हाकेत हा शब्द पुन्हा म्हणावा. त्यानंतर त्याच कंट्रोलरशी बोलताना तो म्हणण्याची गरज राहत नाही. अमेरिकेत हा शब्द पुढेही प्रत्येक वेळी घेतला जातो, त्यामुळे तिकडच्या ध्वनिफिती ऐकून शिकलेल्यांनी हा फरक विसरू नये.

हा वर्ग त्या दिवशीच्या वजनावर ठरत नाही. विमानाला उड्डाणासाठी प्रमाणित केलेले जास्तीत जास्त वजन धरतात, म्हणून निम्मे रिकामे असलेले ७७७ ही ‘हेवी’च राहते. प्रशिक्षणार्थीच्या तोंडी हा शब्द बरीच वर्षे येणार नाही, पण त्याने तो ऐकायला शिकलेच पाहिजे. मीडियम वर्गात तेवीस टनांचे एटीआर आणि नव्वद टनांहून जड ए३२१ निओ दोन्ही येतात, आणि त्यांपैकी कोणीही वर्ग बोलून दाखवत नाही. तेव्हा आपल्या छोट्या विमानापुढे नेमके काय आहे हे फक्त प्रकार ऐकूनच कळते.

पाचवी पायरी: दुसऱ्याचा प्रकार ऐकून आकाशात शोधावा

कंट्रोलर जेव्हा दुसऱ्या विमानाची माहिती देतो, तेव्हा तो घड्याळाच्या काट्याप्रमाणे दिशा, अंतर, ते कोणीकडे चालले आहे, त्याचा प्रकार आणि उंची सांगतो: ‘ट्रॅफिक, टू ओ’क्लॉक, फाइव्ह माइल्स, साउथबाउंड, ए टी आर सेव्हंटी टू, फाइव्ह थाउजंड फीट.’ यातील प्रकार डोळ्यांसाठी असतो. एटीआर म्हटल्यावर धडाच्या वर बसलेले पंख, पंखे असलेली दोन इंजिने आणि शेपटीच्या टोकावरील आडवा पट्टा शोधायचा, हे ज्याला आपोआप सुचते, त्याला ते विमान लवकर सापडते. सापडले तर ‘ट्रॅफिक इन साइट’, नाही तर ‘निगेटिव्ह कॉन्टॅक्ट’ असे उत्तर द्यावे. अंदाजाने ‘इन साइट’ म्हणू नये. तुम्ही तसे म्हटले की कंट्रोलर तुम्हाला त्याच्या मागे जायला सांगू शकतो, आणि तुम्ही भलत्याच विमानाच्या मागे लागलात तर तुमची चूक त्याला उशिरा कळते.

प्रकार कळला म्हणून बाकीच्याकडे दुर्लक्ष करू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीजवळ चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे आयएल-७६ एकमेकांवर आदळले आणि ३४९ जण मरण पावले. समोरून बोइंग ७४७ येत आहे हे कंट्रोलरने कझाक विमानाला सांगितले होते. पण ज्या १५,००० फुटांवर त्या विमानाने थांबायचे होते, तेथे न थांबता ते खाली आले. समोर काय आहे हे सांगून झाले, तरी नेमून दिलेली उंची पाळण्याचे काम वैमानिकाकडेच राहते.

ओळखण्याचा सराव करण्यासाठी मुंबईसारखी जागा नाही. धावपट्टी २७ वरून उड्डाणे चालू असताना विमाने जुहूच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे जातात. संध्याकाळी तेथे तासभर उभे राहावे. ७३७ च्या मुख्य चाकांना झाकण नसते, त्यामुळे चाके आत घेतल्यावरही पोटाखाली दोन गोल टायर दिसतात. ए३२० चे पोट पूर्ण बंद होते. ७३७ च्या उभ्या शेपटीच्या पायथ्याशी पुढे उतरत आलेली तिरपी फळी असते, ती ए३२० ला नसते. ७७७ च्या प्रत्येक मुख्य पायाला सहा चाके असतात. ७८७ च्या पंखांची टोके मागे निमुळती होत जातात आणि ए३५० च्या कॉकपिटच्या खिडक्यांभोवती काळा पट्टा असतो. पाहिलेल्या प्रत्येक विमानाचा प्रकार मोठ्याने, रेडिओवर म्हणाल तसाच म्हणावा. जुहूच्या याच भूमीवर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने उतरले, तेव्हा त्या विमानात रेडिओ नव्हता. खाली वाट पाहणाऱ्यांनी ते विमान डोळ्यांनीच ओळखले असणार. विमानांचे बोलणे ऐकण्याच्या हौसेपोटी विनापरवाना संच मात्र विकत घेऊ नये. वायरलेस संचाला भारतात परवान्याची अट आहे, आणि वैमानिकाने आपली वाटचाल नियम मोडून सुरू करणे बरे नाही.

सहावी पायरी: विमान बदलले किंवा शब्द चुकला तर

प्रशिक्षण केंद्रांत ऐन वेळी विमान बदलणे नेहमीचे असते. १५२ चा फ्लाइट प्लॅन भरलेला असतो, तिच्यात काही बिघाड निघतो आणि विद्यार्थी १७२ घेऊन निघतो. दोन्ही लाइट वर्गातील असल्याने काही बिघडत नाही असे वाटते, पण नोंदणी बदललेली असते, वेग बदललेला असतो आणि कंट्रोलरच्या पडद्यावर जुनेच विमान असते. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी फ्लाइट प्लॅनमध्ये बदल कळवावा, आणि तो पोहोचल्याची खात्री नसेल तर पहिल्या हाकेत नव्या कॉल साइनसोबत नवा प्रकारही सांगावा. कंट्रोलरने ‘कन्फर्म टाइप’ असे विचारले, तर ते रागावणे समजू नये. त्याच्यापुढची नोंद आणि तुमचे बोलणे जुळत नाही एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि उत्तरात कॉल साइन व पूर्ण प्रकार द्यावा.

बोलता बोलता चुकीचा प्रकार तोंडून गेला, तर ‘सॉरी’ म्हणून अडखळत बसू नये. त्यासाठी ‘करेक्शन’ हा ठरलेला शब्द आहे: तो म्हणावा आणि लगेच बरोबर शब्द सांगावेत. ‘व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली, सेसना वन फाइव्ह टू, करेक्शन, सेसना वन सेव्हन टू.’ त्यानंतर बटण सोडून कंट्रोलर नवा प्रकार परत उच्चारतो का ते ऐकावे, आणि त्याने जुनाच उच्चारला तर तेथल्या तेथे पुन्हा दुरुस्त करावा.